चेकडिस्क दोनदा चालवूनही फाइल सर्व्हरवर ५५ नंबरची एरर परत येते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या नौपाड्यात सीएचं ऑफिस आहे, १४ जण एकाच फाइल सर्व्हरवर काम करतात, विंडोज सर्व्हर २०१९ आहे आणि ४ टीबीच्या दोन डिस्क मदरबोर्डच्याच रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवणारी सोय) मिरर केल्या आहेत, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा लिहिला जातो. दर आठ-दहा दिवसांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमची, ५५ नंबरची एरर येते, चेकडिस्क (डिस्क तपासणारा विंडोजचा प्रोग्रॅम) स्लॅश एफ, म्हणजे दुरुस्तीसह, मारलं की सगळं ठीक दिसतं, मग पुन्हा तेच. आता एका क्लायंटचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा उघडत नाही आणि साहेब म्हणतात, स्लॅश आर मारा नाहीतर सरळ फॉरमॅट करा.

कृपा करून आज रात्री यातलं काहीही करू नका. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.

चेकडिस्क तुमच्या फाइली वाचवायला बसलेला नसतो, तो हिशेब जुळवायला बसलेला असतो. डिस्कवरची कोणती जागा कोणत्या फाइलची, कोणत्या फोल्डरमध्ये कोणती नोंद, एवढंच तो तपासतो. जिथे जुळत नाही तिथे नोंद काढून टाकतो आणि उरलेले तुकडे फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. तुमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ताळेबंद जुळेना म्हणून न जुळणारी व्हाउचरं बाजूला काढली. ताळेबंद जुळला, पण क्लायंटचं व्हाउचर गेलं. स्लॅश आर तर याच्याही पुढे जाऊन डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतो. ४ टीबीला त्यात कित्येक तास जातात, आणि डिस्क खरोखरच शेवटच्या घटका मोजत असेल तर त्या ताणानेच ती बसते.

कॉपी रोबोकॉपीने (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) करा, पण रिट्रायचा, म्हणजे पुन्हा प्रयत्न किती वेळा करायचे त्याचा, आकडा स्वतः द्या. न दिल्यास तो एका अडलेल्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. स्लॅश आर कोलन १ (एकदाच पुन्हा प्रयत्न), स्लॅश डब्ल्यू कोलन १ (एकच सेकंद थांबणं) असं द्या (हा आर रोबोकॉपीचा, चेकडिस्कच्या आरशी याचा संबंध नाही) आणि लॉग फाइल बनवायला सांगा. कोणत्या फाइली वाचता आल्या नाहीत ती यादी तुम्हाला पुढे लागणार आहे. ही कॉपी जुन्या बॅकअपवर मात्र चुकूनही टाकू नका. रोजचा बॅकअप आपोआप चालत असेल तर तोही थांबवा, नाहीतर खराब फाइल चांगल्या फाइलवर जाऊन बसेल. शॅडो कॉपीच्या (विंडोज ठेवतो त्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या) भरवशावरही राहू नका. त्या बहुतेक ठिकाणी त्याच डिस्कवर असतात.

५५ ही एनटीएफएसची तक्रार आहे: मी वाचलं ते जसं असायला हवं तसं नाही. ते कोणी बिघडवलं हे ५५ सांगत नाही. एरर पुन्हा पुन्हा येते म्हणजे बिघडवणारा अजून जागेवर आहे, आणि तो बहुधा फाइल सिस्टिमच्या खाली आहे: डिस्क, केबल, कंट्रोलर, रॅम किंवा वीज. त्यामुळे फॉरमॅट मारूनही फार तर आठ-दहा दिवस बरे जातील.

सिस्टिम लॉग आजच सेव्ह करून ठेवा, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मग प्रत्येक ५५ च्या आसपास सोर्स डिस्क असलेल्या नोंदी बघा. ७ म्हणजे बॅड ब्लॉक. १५३ म्हणजे डिस्कला एकदा सांगून भागलं नाही, पुन्हा विचारावं लागलं. ११, किंवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाने आलेली १२९ दिसली तर केबल आणि कंट्रोलरकडे बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं टूल उघडा (रेडमागच्या डिस्क त्यात दिसल्या नाहीत तर रेडचं स्वतःचं टूल वापरा). ०५, सी५, सी६ (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांची मोजणी) यांच्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, वाढत असतील तर ती डिस्क बदलायची. सी७ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. केबल बदलल्यावर सी७ चा आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा. या टूलमध्ये रॉ व्हॅल्यू हेक्साडेसिमलमध्ये (१६ च्या पटीतल्या मोजणीत) दिसतात, घाईत वाचायला चुकतात. ऐरोली-कोपरखैरणेकडे खाडीच्या हवेने काळे पडलेले कनेक्टर मी बरेच पाहिलेत, तेव्हा केबल काढाल तेव्हा पिनाही बघा.

तुमच्याकडे मिरर आहे, ही मला सगळ्यात महत्त्वाची खूण वाटते. एकच डिस्क बिघडली असती तर मिररने बहुतेक दुसरीवरून वाचून वेळ निभावून नेली असती. ५५ येतेय आणि तिच्या आसपास डिस्कची एकही नोंद नाही असं असेल, तर चुकीचा डेटा दोन्ही डिस्कवर सारखाच लिहिला जातोय, म्हणजे संशय रॅमवर. टॉवर स्वस्तात घेतला असेल तर त्यात ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) रॅम नसण्याचीच शक्यता जास्त. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर लावून ठेवा. किंवा दुसरी शक्यता: दोन्ही डिस्क आता एकसारख्या राहिलेल्याच नाहीत.

ही दुसरी शक्यता मी भोगली आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती, तुम्हाला आठवत असेल. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर तेव्हा माझ्याकडे होता. अकाउंटवाले घरून रिमोटने काम करत होते, जागेवर फक्त वॉचमन. यूपीएसची बॅटरी जुनी, काही मिनिटांत संपली आणि सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला. एका डिस्कवर लिहून झालं होतं, दुसरीवर नाही. वीज आल्यावर रेडने सगळं हिरवं दाखवलं. त्यानंतर एकच फाइल सकाळी उघडायची आणि दुपारी उघडायची नाही, कारण रेड कधी या डिस्कवरून वाचायचा, कधी त्या. मी तीन आठवड्यांत चार वेळा चेकडिस्क मारलं. चौथ्या वेळी डिस्पॅचचं एक पूर्ण फोल्डर गेलं. फाउंड.००० मधून निम्मंच जुळवता आलं, बाकीचं तिथल्या बाईंनी चलनांच्या कागदी प्रतींवरून पंधरा दिवस बसून पुन्हा भरलं. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून तुम्हाला इतकं कळवळून सांगतोय. तेव्हा आधी दोन्ही डिस्क वेगवेगळ्या काढून, एकाही डिस्कवर काही लिहू न देता, तीच फाइल दोन्हीकडून वाचून बघितली असती तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. तुमच्या टॅलीच्या डेटासाठी हेच करून बघा. एका डिस्कवर तो धड असू शकतो.

दोन्हीकडे खराब निघाला तर लॉगमध्ये सगळ्यात पहिली ५५ कधी आली ती तारीख शोधा. त्याआधीच्या बॅकअपवर विश्वास ठेवता येईल, नंतरच्या प्रत्येक बॅकअपमधली फाइल उघडून बघावी लागेल.

कारण सापडून दूर झालं की जुन्या व्हॉल्यूमवर मलमपट्टी करू नका. नव्या दोन डिस्क घ्या, रेडसाठी बनवलेल्या घ्या. साधी डेस्कटॉप डिस्क एका बॅड सेक्टरवर इतका वेळ अडते की रेड तिला मेली समजून बाहेर काढतो. त्यावर नवीन व्हॉल्यूम करून कॉपी परत टाका. यूपीएसची बॅटरी बदला आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. आमच्याकडे बऱ्याच शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते. तुमच्या ५५ च्या तारखा वीज गेलेल्या दिवसांशी जुळतात का, तेही पडताळा.

कॉपी झाली की खाली तीन गोष्टी लिहा: रोबोकॉपीच्या लॉगमध्ये किती फाइली अडल्या, ५५ च्या आसपास कोणते नंबर आहेत आणि दोन्ही डिस्कचे सी५ व सी७ चे आकडे. रात्री नऊनंतर मी बघतो.