करवंदं ‘वेचायची’ की ‘तोडायची’?

प्रश्न असा आहे: मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन गेलो होतो. थोरली म्हणाली, “आई, करवंदं पिक करूया.” मी “वेचूया म्हण” असं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “वेचतात ती फुलं. करवंदं तोडतात.” बरोबर कोण?

सासूबाई बरोबर आहेत, पण त्यांनी दिलेलं कारण अपुरं आहे. ‘पिक करणं’ या एका क्रियापदाच्या जागी मराठीत निदान पाच-सहा आहेत, आणि हात नेमकं काय करतो ते प्रत्येकातून कळतं. मेथी, कळ्या, तुळशीची मंजिरी आपण नखाने खुडतो. कैऱ्या पाडतो. चिंचा आणि बोरं काठीने झोडपतो. जांभळाची फांदी हलवतो आणि खाली पडलेली जांभळं वेचतो. प्राजक्त, बकुळ वेचायची ती जमिनीवरूनच.

म्हणजे वेचणं फक्त जमिनीवरचं का? तसंही नाही. कापूस झाडावरूनच ‘वेचतात’. कारण बोंड उमललेलं असतं, आतला कापूस सुटलेला असतो, बोंड झाडावरच राहतं. तोडावं काहीच लागत नाही. आपणहून सुटलेलं एकेक करून उचलणं, हा मला ‘वेचणे’चा गाभा वाटतो. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून ओघळलेली बोरं बाकीची पोरं वेचतात, तेही याच अर्थाने. (‘लुटतात’ म्हणायचीही पद्धत आहे, आणि तिथला दंगा पाहता ते जास्त खरं!)

करवंद मात्र देठाला धरून असतं. कच्चं ओढलं की पांढरा चीक येतो आणि बोटं चिकट होतात. म्हणून ‘तोडणे’ किंवा ‘काढणे’. लहान मुलांशी बोलताना मला ‘काढणे’ जास्त आवडतं. ‘तोड’ म्हटलं की चार वर्षांचं मूल हिसका देतं, फांदी परत उसळते आणि काटा हातात. ‘काळं बघून हळूच काढ’ म्हटलं की ते दोन बोटांच्या चिमटीत धरतं, जरासं फिरवतं. पिकलेलं असेल तर लगेच हातात येतं.

त्या झुडपाला ‘करवंदीची जाळी’ म्हणतात, हेही मुलांना सांगा. फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की दुसरा शब्द सुचू नये. आणि तोंडात टाकण्याआधी ‘कोंबडा की कोंबडी?’ विचारायला विसरू नका. अर्धं चावून बघायचं: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

आता राहिला सगळ्या खटाटोपाला मिळून एक शब्द. पाण्याला जाणं, सरपणाला जाणं, तसं ‘करवंदाला जाणं’. शोधणं, काढणं, खाणं, ओच्यात भरणं, सगळं त्या एका ‘ला’मध्ये येतं. पुढच्या वेळी घरातून निघतानाच थोरलीला हाक मारा: “चल गं, करवंदाला!”