टांझानियाला शिकवायला निघालेल्या डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,

टांझानियातल्या जिल्हा रुग्णालयात तीन आठवडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकवायला तुझी निवड झाली, हे वाचून फार बरं वाटलं. तुझा हात बसलेला आहे. शिबिराच्या दिवशी तीस केसेस तू सहज करतेस. पण हा वेग इथंच ठेवून जा.

हिशोब करून बघ. तीन आठवड्यांत ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, दिवस मिळतील बारा. एकटी उभी राहिलीस तर साडेतीनशे डोळे होतील, आणि तू विमानात बसलीस की ओटीला कुलूप लागेल. दिवसाला दहाच घेतल्यास तर एकशेवीस. शिकणारे दोघे असतील तर एकेकाच्या वाट्याला साठ. तेवढ्या केसेस शेजारी बसून करून घेतल्यास, तर पुढची कितीतरी वर्षं त्या जिल्ह्यात शस्त्रक्रिया होत राहतील. त्या रुग्णालयाशी असलेल्या या भागीदारीत आपलं काम शिकवायचं आहे.

शिकणारे एमबीबीएस झालेले नसतील, हे आधीच मनात पक्कं कर. टांझानिया, केनिया, मलावी या देशांत नेत्रतज्ज्ञ फार थोडे, म्हणून तिथं असिस्टंट मेडिकल ऑफिसर किंवा क्लिनिकल ऑफिसर दर्जाच्या लोकांना रीतसर प्रशिक्षण देऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करू देतात. आपल्याकडे कायद्याने हे चालत नाही, त्यामुळे आपले डॉक्टर पहिल्या दिवशी नाक मुरडतात आणि पुढचे वीस दिवस वाया घालवतात. दहा-दहा वर्षं तेच एक काम करणाऱ्या माणसाचा हात बघ, मग मत बनव.

जाण्याआधी तीन कामं इथूनच कर. टांझानियाच्या मुख्य भूमीवर, म्हणजे झांझिबार सोडून, रुग्णाला हात लावायचा तर टांगानिका मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. सोबत डोळ्यात बसवायच्या लेन्स, औषधं, उपकरणं नेणार असशील तर त्यांच्या औषध व उपकरण प्राधिकरणाची, म्हणजे टीएमडीएची, परवानगी आधी हवी. ती नसेल तर खोकी विमानतळावरच अडकतात आणि व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायची जेली, उन्हात पडून राहतं. तिसरं, तिथल्या ओटी सिस्टरला कपाटाचा, मायक्रोस्कोपचा आणि ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचा, मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायला सांग. कागदावरच्या यादीत 'मायक्रोस्कोप: १' असं असतं. त्याचा बल्ब गेलाय आणि पायाचं पेडल तुटलंय, हे व्हिडिओतच दिसतं. बल्बच्या बुडावरचा व्होल्ट-वॅटचा आकडा विचारून घे आणि तसे चार बल्ब पिशवीत टाक. फेको मशीन, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणारं यंत्र, देणगी म्हणून देऊ पाहणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण. त्याच्या कॅसेट जिल्ह्याच्या गावी मिळत नाहीत आणि पहिल्या बिघाडानंतर मशीनवर कापड पडतं. एमएसआयसीएसला, म्हणजे टाका न घालता छोट्या छेदातून करायच्या शस्त्रक्रियेला, फार यंत्रं लागत नाहीत. तिथले पांढरे, कडक, पिकलेले मोतीबिंदू तिनेच चांगले निघतात.

आता ओटीबद्दल. इथं हात आखडणार नाही, कारण डोळे जातात ते इथंच.

पोविडोन आयोडीनची बाटली स्वतः हातात घेऊन वाच. डोळ्यात घालायचं ते ५ टक्क्यांचं, साधं पाण्यातलं द्रावण, आणि छेद घेण्याआधी पूर्ण तीन मिनिटं, घड्याळ लावून. तिथं बहुधा १० टक्क्यांचं मिळेल. ते निर्जंतुक सलाइनमध्ये निम्मं-निम्मं करून घे. पण त्याच फळीवर, तशाच तपकिरी रंगाची, हात धुवायच्या 'स्क्रब'ची बाटली असते. त्यात साबण असतो आणि तो डोळ्यात गेला तर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कायमचा पांढरा होऊ शकतो. दोन्ही बाटल्या कधीही एका फळीवर ठेवू देऊ नकोस. स्क्रबच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी लाव आणि ती हात धुवायच्या बेसिनपाशीच राहील असं कर.

ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे सामान निर्जंतुक झालं, ही समजूत सगळीकडे आहे. टेप एवढंच सांगते की गठ्ठ्याला उष्णता लागली. तापमान, दाब आणि वेळ दर फेरीला वहीत लिहायला लाव, आणि गठ्ठ्याच्या आत इंडिकेटर पट्टी ठेव. कॅन्युला, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायची बारीक नळी, वापरून झाल्याबरोबर निर्जंतुक पाण्याने आतून धुवायची. तासाभराने नाही, लगेच. आत वाळलेलं व्हिस्कोइलॅस्टिक पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात जातं, दुसऱ्या दिवशी कॉर्निया सुजलेला दिसतो, आणि सगळे जंतू शोधत बसतात.

लेन्सचा नंबर काढणाऱ्याला टेक्निशियन म्हणून बाजूला ठेवू नकोस. पहिले दोन दिवस त्याच्यापाशीच बस. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली की चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. ए-स्कॅनचा, म्हणजे लांबी मोजायच्या सोनोग्राफीचा, प्रोब कॉर्नियावर दाबला गेला की डोळा आखूड मोजला जातो, जास्त पॉवरची लेन्स बसते आणि म्हातारा शस्त्रक्रियेनंतर चष्म्याशिवाय लांबचं नीट बघू शकत नाही. पाच मोजमापं घे, एकमेकांशी न जुळणारी काढून टाक, दोन्ही डोळ्यांच्या लांबीत मोठा फरक दिसला तर पुन्हा मोज. लेन्सच्या खोक्यावरचा ए-कॉन्स्टंट, म्हणजे पॉवर काढायला लागणारा त्या लेन्सचा ठरावीक आकडा, मशीनमध्ये भरलेल्या आकड्याशी ताडून बघ. मशीनमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या कंपनीचा आकडा तसाच राहिलेला असतो.

शिकवताना क्रम उलटा धर. पहिल्या दहा-बारा केसेसमध्ये शिकणाऱ्याने फक्त लेन्स बसवायची, व्हिस्को धुवायचं आणि छेद तपासायचा. मग कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा बाहेरचा मऊ थर), मग न्यूक्लियस (आतला कडक गाभा) बाहेर काढणं, मग रेक्सिस (भिंगाच्या वेष्टनाला गोल भोक पाडणं), आणि टनेल, म्हणजे आत शिरायचा बोगद्यासारखा छेद, सगळ्यांत शेवटी. तोवर टनेलचा सराव संध्याकाळी शेळीच्या डोळ्यांवर. खाटकाकडून ताजे डोळे बर्फावर आणायचे, गोठवायचे नाहीत, नाहीतर कॉर्निया धुरकट होतो. मऊ पडले तर मागून मज्जातंतूच्या बुडख्यातून सलाइन टोचून टणक करायचे. डुकराचे डोळे न विचारता आणू नकोस, तुझ्या टीममध्ये मुसलमान सहकारी असतील. डोळे नाहीच मिळाले तर सफरचंदाच्या सालीत क्रेसंट, म्हणजे टनेलचं पातं, चालवायला दे आणि रेक्सिससाठी टोमॅटोची साल.

टनेलच्या चुका दोनच, आणि दोन्ही ओळखायला शिकव. लिंबसच्या, म्हणजे कॉर्नियाच्या कडेच्या, दीड-दोन मिलिमीटर मागे, साधारण सहा-साडेसहा मिलिमीटर रुंद, स्क्लेराच्या, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या, निम्म्या जाडीत जायचं आणि कॉर्नियात एक-दीड मिलिमीटर शिरायचं. पातं पातळ थरात गेलं की ते छतातून लख्ख दिसायला लागतं आणि छताला भोक पडतं. फार खोल गेलं की दिसेनासं होतं, वेळेआधी आत शिरतं आणि आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, बाहेर येते. तिथं थांबायचं, ओढत राहायचं नाही. दुसऱ्या टोकाकडून योग्य थरात नव्याने सुरुवात करायची आणि शेवटी टाका घालायचा. टाका घालणं म्हणजे हार नव्हे, हे तू स्वतः एक-दोनदा टाका घालून दाखव.

एकच डोळा उरलेला रुग्ण शिकणाऱ्याला द्यायचा नाही. लहान मूल नाही, बाहुली न फुलणारा डोळा नाही. रुग्ण जागा असतो, म्हणून केस हातात घेताना ओरडणं नको. 'आता जरा मी बसते' एवढं एकच वाक्य आधी ठरवून ठेव, आणि ते ऐकलं की शिकणाऱ्याने एका शब्दाचीही चर्चा न करता खुर्ची सोडायची.

थोडी स्वाहिली लागेलच. 'अंगालिया चिनी' म्हणजे खाली बघा, 'अंगालिया जू' म्हणजे वर बघा. मोतीबिंदूला ते 'म्तोतो वा जिचो', डोळ्याचं बाळ म्हणतात. आपल्याला डोळ्यातली बाहुली माहीत आहे, त्यांना बाळ. तपासणीची वेळ सांगताना फार जप. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोनचा तास, पण आपल्या घड्याळात सकाळचे आठ. ही गफलत झाली की रुग्ण पट्टी काढायला चुकीच्या वेळी येतो.

दर संध्याकाळी वहीत पाच रकाने: रुग्ण, कोणी केली, अडचण काय आली, दुसऱ्या दिवशीची दृष्टी, पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोकातून, दृष्टी. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ मधली अपेक्षा अशी, की हाताशी असलेल्या चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसावं आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत राहावेत. कमी दिसणाऱ्या प्रत्येक डोळ्यापुढे कारण लिहायचं: रुग्णाची निवड चुकली, शस्त्रक्रिया चुकली, चष्म्याचा प्रश्न आहे की नंतर काही उद्भवलं. सहा आठवड्यांनी सगळे परत येणार नाहीत. तरी रुग्णालयाचा दर्जा समजायला दुसऱ्या दिवशीचे आकडे बऱ्यापैकी पुरतात. वही शिकणाऱ्यांच्या हस्ताक्षरात असू दे, तुझ्या नको.

भागीदारीच्या करारात मात्र एक उणीव आहे आणि ती तू जाण्याआधीच बोलून घ्यावीस. प्रशिक्षणाला पैसा आहे, पण नंतरच्या लेन्स कोण घेणार हे लिहिलेलं नाही. शिकलेला माणूस लेन्सअभावी सहा महिने बसून राहिला की हात जातो. तिथल्या सरकारी औषध भांडाराकडे वर्षाची मागणी किती नोंदवायची, हे रुग्णालयाच्या प्रमुखाबरोबर बसून ठरव: केसेस, त्यावर दहा टक्के जास्त, आणि पॉवर एकाच नंबरच्या नकोत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू झालं, आणि १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स स्वतः बनवायला घेतल्या, कारण आयात लेन्स गरिबाला परवडत नव्हती. त्यांच्या लायको या प्रशिक्षण संस्थेत बाहेरच्या रुग्णालयांना बोलावताना एकट्या सर्जनला बोलावत नाहीत. प्रशासक आणि परिचारिका मिळून संघ येतो, आणि नंतर अरविंदची माणसं तिकडे पाठपुराव्याला जातात. आपल्या करारातही दुसरी भेट सहा महिन्यांनी आणि तिसरी वर्षाने, अशी तारखेसह घालून घे. शिकणाऱ्याची किमान पन्नास केसेसची वही बघितल्याशिवाय 'स्वतंत्र' असा शेरा मी तरी लिहिणार नाही. कोएक्सा, म्हणजे पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेचं नेत्रवैद्यक महाविद्यालय, २०१२ पासून काम करतंय. तुझे धडे त्यांच्या शिक्षकांना दाखव, नाहीतर आपण एक शिकवायचं आणि पुढचा पाहुणा दुसरंच, असं होतं.

तिथं प्लग काही ठिकाणी आपल्यासारखे गोल पिनांचे, काही ठिकाणी ब्रिटिश चौकोनी पिनांचे असतात. दोन अडॅप्टर घे. शेवटच्या आठवड्यात हातमोजे घालून बस, पण शक्यतो हात लावू नकोस. पहिल्या शनिवारी वहीच्या पानांचे फोटो पाठव. ओटी सिस्टरलाही त्या संदेशात घे, तिच्याशी मला बल्बांबद्दल बोलायचं आहे.

तुझी,
ताई