जनऔषधवैद्यकशास्त्र निवडण्यापूर्वी

नीट-पीजीत, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत, गुण कमी पडले म्हणून जनऔषधवैद्यकशास्त्राची (कम्युनिटी मेडिसिन, समाजाचे आरोग्य आणि रोगप्रतिबंध यांची शाखा) जागा घेणार असाल, तर एम.डी.ची तीन वर्षे जड जातील. रोगाची साथ कुठून आली हे शोधण्याची ओढ असेल, तर जरूर घ्या. आधी भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात एखाद्या आरोग्यसेविकेबरोबर फिरून पाहा. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलात भेगाळल्या पायांनी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजारापासून) वाचवणारी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची आठवड्याची मात्रा त्याच्या हाती देणे सोपे, ती त्याच्या पोटात जाईल असे पाहणे अवघड, हे तिथेच कळते. त्याच जिल्ह्यातल्या दोडामार्गात तर माकड मेल्याची खबर तापाच्या रुग्णाआधी पोहोचावी लागते, कारण माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) पसरवणाऱ्या गोचिडी त्या मृत माकडाभोवतीच पसरतात. खासगी प्रॅक्टिसची मिळकत या शाखेत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. अभ्यासक्रमातल्या संख्याशास्त्राची धास्ती मात्र नको, ते सरावाने जमते.