‘सहाच तास तर गाडी चालवली, थकायला काय झालं?’

प्रश्न : माझे मिस्टर (वय 35) पिंपळगाव बसवंतहून दिल्लीला टोमॅटोची गाडी नेतात. मालकाच्या सात गाड्या आहेत. ऑगस्ट 2025 च्या शेवटच्या आठवड्यात ते सकाळी सातला दिल्लीहून परत आले, गाडी लावून नऊला घरी पोचले. दुपारी दोनला परत बोलावणं आलं. कॅरेट भरून घेणं, ताडपत्री, रस्सी सगळं करून रात्री दहाला निघाले. पहाटे चारच्या सुमारास सेंधव्याच्या पुढे डुलकी लागली आणि रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकला मागून धडक बसली. त्या ट्रकच्या मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. क्लीनर जागीच गेला. आमच्याच वस्तीवरचा 20 वर्षांचा मुलगा होता. मिस्टरांना केबिन कापून स्टिअरिंगमागून काढावं लागलं. उजव्या पायात रॉड आहे, घोटा वळत नाही. मध्य प्रदेश पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवलाय. मालक म्हणतो, ‘सहाच तास तर गाडी चालवली, थकायला काय झालं? ब्रेक फेल झाले म्हण, नाहीतर क्लीनर चालवत होता म्हण. डुलकीचं बोललास तर 10 वर्षं आत जाशील आणि विम्याचे पैसेही बुडतील.’ लायसन्स आणि दोन महिन्यांचा पगार त्याच्याकडेच आहे, मालाचं नुकसानही पगारातून कापणार म्हणतो. दवाखान्यात 500 च्या कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतलीये. ‘तिसऱ्या दिवशी पहाटे आझादपूरला गाडी लागलीच पाहिजे, झोपायचं ते दिल्लीला’ हा त्याचा व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या 10 वर्षांचं बघू, कारण तुम्हाला गप्प बसवलंय ते त्या आकड्याने. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 ला दोन पोटकलमं आहेत. 10 वर्षांची शिक्षा दुसऱ्या पोटकलमात आहे आणि ती अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी आहे. जानेवारी 2024 मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या त्या याच तरतुदीवरून. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. आणि ज्याला केबिन कापून बाहेर काढलं, तो पळणार कुठे? तुमच्या मिस्टरांना लागेल ते पहिलं पोटकलम, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्यात जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत आणि गुन्हा जामीनपात्र आहे.

तरी डुलकी हा बचाव होत नाही, हेही स्पष्ट सांगते. न्यायालयं सर्वसाधारणपणे असं धरतात की झोप न सांगता येत नाही. डोळे जड होतात, मान पडते, आणि तरीही माणूस गाडी चालवत राहिला तर तो निष्काळजीपणा. ही जबाबदारी मिस्टरांवर येईल. मात्र गाडी बाजूला घ्यायची मोकळीक त्यांना होती का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि त्याचं उत्तर मालकाच्या आवाजात तुमच्या फोनमध्ये आहे.

आता त्या ‘सहाच तास’चं. मालक घड्याळ रात्री दहापासून लावतो, कायदा तसं लावत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 91 ड्रायव्हरच्या कामाच्या तासांसाठी अपघाताच्या वेळी लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 कडे बोट दाखवतं. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला तो लागू होतो, सात गाड्यांच्या मालकाला होणारच. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेतली तरी दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 च्या वर नाही. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. आणि एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुट्टी. मिस्टर सकाळी सातला सुटले आणि दोनला परत कामाला लागले, म्हणजे मध्ये सातच तास, त्यातलेही दोन घरी पोचण्यात गेले. शिवाय कामाचे तास म्हणजे नुसतं स्टिअरिंग नव्हे. गाडीच्या अनुषंगाने केलेलं कामही त्यात धरतात. दुपारी दोन ते रात्री दहा ते कॅरेट मोजत, रस्सी आवळत उभे होते, तर पहाटे चारला त्यांच्या कामाचा चौदावा तास चालू होता.

मालकाचा हिशेबच मांडून बघा. पिंपळगाव ते दिल्ली अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. भरल्या ट्रकचा सरासरी वेग ताशी 45 धरला तरी 26-27 तास स्टिअरिंगवर. रात्री दहाला निघून तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आझादपूर म्हणजे हातात एकूण 30 तास. जेवण, चहा, डिझेल, टोल आणि झोप उरलेल्या तीन-साडेतीन तासांत. एका ड्रायव्हरवर ही खेप कायदा मोडल्याशिवाय होतच नाही. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर सक्तीचे होते. 2018 मध्ये ती सक्ती गेली, पण तासांची मर्यादा गेली नाही. बहुतेक मालकांनी यातलं ‘सक्ती गेली’ तेवढं ऐकलं.

मग मालकाला शिक्षा काय, असं तुम्ही विचाराल. 1961 च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. एका कॅरेटच्या भावात सुटणारा गुन्हा आहे हा, आणि त्यासाठी कोणी मालक आत गेलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणून मालकाला शिक्षा व्हावी यासाठी तुमची शक्ती घालवू नका. त्याचा आणि त्याच्या विमा कंपनीचा खिसा जिथे उघडतो तिथे लक्ष द्या.

तो उघडतो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 मध्ये. (21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या आहेत, पण अपघात ऑगस्टचा असल्याने तुमचा हक्क जुन्या कायद्याने मोजला जाईल.) इथे चूक कोणाची हा मुख्य प्रश्नच नसतो. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. दारू किंवा नशा असती तर मालकाला बोलायला जागा मिळाली असती. डुलकी लागली म्हणून भरपाई नाही, असं या कायद्यात कुठेही नाही. तेव्हा डुलकीने विम्याचे पैसे बुडतील ही थापच. थर्ड पार्टी विम्यात ड्रायव्हरची ही भरपाई येते. तरी पॉलिसीची प्रत मिळवा आणि ड्रायव्हर-क्लीनरचा हप्ता भरलाय का ते बघा.

आकडा कसा निघतो ते सांगते. पगार कितीही असला तरी हिशेबाला महिना 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 35 साठी कोष्टकातला गुणांक 197.06. गुणाकार 17,73,540 रुपये. ही पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम झाली, अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितके टक्के. डॉक्टरांनी 40 टक्के लिहिलं तर 7,09,416. म्हणून सगळं येऊन ठेपतं त्या टक्क्यावर. दाखला घेताना फक्त ‘घोटा वळत नाही’ एवढंच लिहून आणू नका. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाने दाबायचे असतात, तो पाय दाबत नाही, म्हणजे हा माणूस जड वाहन चालवू शकत नाही, हे डॉक्टरांकडून शब्दांत लिहून घ्या. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका सुताराचं प्रकरण होतं. अपघातात त्याचा डावा हात गेला. न्यायालयाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हे 100 टक्के अपंगत्व. तुमच्या वकिलांनी हाच युक्तिवाद करायला हवा.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही याच कायद्यात मिळतो, बिलं जपा. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनी देते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. एवढं एक वाक्य नोटिशीत असलं की मालकाचा फोन लवकर येतो, असा माझा अनुभव आहे. अर्ज नाशिकच्या कामगार न्यायालयात करता येईल, सेंधव्याला जायची गरज नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षं, पण थांबू नका. एक अट आहे : एकाच इजेसाठी हा मार्ग आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, दोन्हीकडे जाता येत नाही. उभ्या ट्रकवाल्याची चूक दाखवून न्यायाधिकरणात जाता येईल, पण तिथे मिस्टरांच्या चुकीचा वाटा वजा होईल. मला तुमच्यासाठी कामगार न्यायालय बरं वाटतं.

कोऱ्या स्टॅम्पला घाबरू नका. उद्या त्यावर ‘50,000 घेऊन सगळं मिटलं’ असं लिहून आलं तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार याच कायद्याच्या कलम 17 ने रद्दबातल आहे. तरीही कोऱ्या कागदावर सही घेतल्याचा लेखी तक्रार अर्ज पिंपळगाव पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, म्हणजे मागची तारीख टाकून काही बनवणं अवघड जाईल. त्याच अर्जात लायसन्स अडकवून ठेवल्याचंही लिहा. पगाराचं म्हणाल तर मालाच्या नुकसानीपोटी मालक आपल्या मनाने पगार दाबून ठेवू शकत नाही. आधी ड्रायव्हरला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि कपातीलाही पगाराच्या निम्म्याची मर्यादा आहे. कामगार आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात तक्रार करा. पगाराची पावती नसेल तर फोन पे आणि बँकेच्या नोंदी चालतात.

आता ब्रेकची गोष्ट. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि ब्रेकचा शेरा अहवालात लिहितो. ब्रेक ठीक निघाले तर मिस्टर खोटे ठरतील. खराब निघाले तर विमा कंपनी मालकाच्या देखभालीवर बोट ठेवून पैसे अडवायला बघेल. क्लीनर चालवत होता म्हणणं त्याहून वाईट. स्टिअरिंगमागून कोणाला काढलं हे तिथल्या माणसांनी पाहिलंय, पंचनाम्यातही आलं असेल. कोर्टात खोटी साक्ष देणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळाच गुन्हा आहे. शिवाय त्या मुलाकडे जड वाहनाचं लायसन्स नव्हतं असं धरलं तर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळेल आणि त्याच्या आईची भरपाई वर्षानुवर्षं लटकेल.

खोटं बोलू नका म्हणजे पोलिसांना सगळं सांगून मोकळं व्हा, असं मात्र मी म्हणत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, तो गप्प राहू शकतो. कामगार न्यायालयातल्या अर्जातही ‘कामावर असताना अपघात, ही इजा’ इतकं पुरतं, तासांचा तपशील कसा मांडायचा ते फौजदारी खटला बघणाऱ्या वकिलाला दाखवूनच ठरवा. ‘कबूल करा, दंड भरा, सुटा’ असं सांगणारा कोणी ना कोणी कोर्टाच्या आवारात भेटतोच. त्याचं ऐकू नका. सेंधव्याच्या तारखा चुकवू नका, पाय बरा होईपर्यंत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे 15100 वर फोन करा. खटला मिस्टरांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांना मोफत वकील मिळेल का ते तिथेच विचारा.

पुरावे मात्र याच आठवड्यात गोळा करा. तो व्हॉइस मेसेज दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा, पण मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कोर्टात तो प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. फास्टॅगच्या नोंदी मालकाच्या खात्यात असतात, त्या आणि गाडीतल्या जीपीएसच्या नोंदी जपून ठेवाव्यात अशी लेखी नोटीस मालकाला पाठवा. आधीच्या खेपेत कोणता टोल किती वाजता ओलांडला यावरून आठवड्याचे तास निघतील. दोन्ही खेपांच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), डिझेलच्या पावत्या, बाजार समितीच्या गेटची नोंद, जे मिळेल ते.

आणि ताई, त्या क्लीनरच्या घरी तुम्हीच जा. मालक त्यांना तुमच्यावर घालेल, घालतच असेल. त्यांचा दावा वेगळा आहे आणि तुमच्या दाव्याच्या आड येत नाही. त्या मुलाची काहीच चूक नसल्याने त्यांना न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळा आहे. तुमची गाडी आणि उभा ट्रक दोन्हींच्या मालकांवर, विमा कंपन्यांवर एकाच अर्जात दावा लावता येतो, आणि दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते. त्या ट्रकला मागे दिवा नव्हता, हे पंचनाम्यात आलंय का ते त्यांनाही बघायला सांगा. न्यायाधिकरणाची मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणजे त्यांच्यासाठी ती फेब्रुवारी 2026 च्या अखेरीस संपते. मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. अर्ज निफाड किंवा नाशिकलाच करता येतो, हेही त्यांना सांगा. नाहीतर सेंधव्याच्या हेलपाट्यांना घाबरून ते मालकाच्या पहिल्या पाकिटावर सही करतील.