कोची-मुन्नारला चाललोय, टॉवेल कुठला घेऊ?

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच शाळूसोबती कोची आणि मुन्नार करून आलो. बास, तेवढ्यावर पत्रं सुरू झाली ती थांबायलाच तयार नाहीत. सोलापुरात एप्रिल लागला की पारा चाळीसच्या वर जातो, दुपारी नवी पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्यामुळं लोकांचं मन डोंगराकडं धावतं हे मी समजू शकतो. सगळी पत्रं छापणं काही शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम टाकली नाहीत, कारण दोघांनी तरी लिहिलंय की घरी अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही सहा मित्र, सगळे तिशीतले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस सुट्टी काढलीय. कोची, मुन्नार, ठेकडी, अलेप्पी आणि वेळ उरला तर ऊटी असा प्लॅन आहे. ग्रुपवर महिनाभर नुसती भांडणं चाललीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर: वेळ उरला तर ऊटी! अरे बाबांनो, आठातले अडीच दिवस तर रेल्वेत जाणार. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी जयंती जनता आपल्या सोलापूरवरूनच जाते, कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल करत, आणि एक आख्खा दिवस अन् एक रात्र गाडीत काढल्यावर एर्नाकुलम येतं. एर्नाकुलम म्हणजेच कोची, वेगळं स्टेशन शोधत बसू नका. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, त्यामुळं "अजून लई वेळ आहे बे" म्हणणारा जो कोणी ग्रुपमध्ये असेल त्याच्याकडं तिकिटाचं काम देऊ नका.

ऊटी सोडा. तिथं मे २०२४ पासून गाडीला ई-पास लागतो आणि उन्हाळ्यात निम्मा दक्षिण भारत तिथंच असतो. ठेकडी सोडा. अलेप्पीचं मी सांगणार नाही, हाऊसबोट हा ज्याच्या त्याच्या हौसेचा मामला आहे. तुम्हाला शहर आणि डोंगर दोन्ही हवंय ना, मग कोचीला दीड दिवस आणि मुन्नारला निदान तीन रात्री द्या. आम्ही याच्या उलट केलं होतं. कोचीत अडीच दिवस राहिलो आणि मुन्नारला एकच रात्र, वर ड्रायव्हरनं "सात पॉइंट" दाखवतो म्हणून सकाळी आधी धरण, मग मळा, मग फोटोची जागा असं फिरवत फिरवत अकराला इरविकुलम पार्कच्या गेटवर आणलं, तिथं दोन-अडीच तास लाइन, आणि वर पोचलो तर सगळा डोंगर ढगात. आमच्यातला एक जण पांढऱ्या धुक्यात पांढरा शर्ट घालून उभाय, असा फोटो आहे माझ्याकडं. दोष ड्रायव्हरचा नाही. आम्हीच त्याला "जास्तीत जास्त दाखव" म्हटलं होतं.

म्हणून पार्कचा दिवस म्हणजे फक्त पार्कचा दिवस. इरविकुलम राष्ट्रीय उद्यान, म्हणजे लोक ज्याला राजमला म्हणतात ते, फेब्रुवारी आणि मार्च बंद असतं कारण तेव्हा तिथल्या ताहरना (कड्यावरच्या रानशेळ्या) पिल्लं होतात. साधारण १ एप्रिलला उघडतं, पण हंगाम लांबला तर तारीख पुढं ढकलतात, तेवढं निघायच्या आधी बघून घ्या. तिकीट ऑनलाइन काढा आणि पहिल्या बसला जा. दुपारनंतर ढग येतात, एप्रिलमध्ये वळवाची सरही येते, विजा कडाडतात, तेव्हा उघड्या डोंगरावर असण्यात काही मजा नाही.

कोचीचं म्हणाल तर वार बघून उतरा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, शेजारचं ज्यू लोकांचं सिनेगॉग शनिवारी बंद आणि शुक्रवारीही दुपारनंतर नाही. आम्ही नेमके शुक्रवारी दुपारी, म्हणजे दोन्ही दारांना बाहेरूनच नमस्कार. दुसऱ्यांदा रविवारी गेलो तेव्हा कळलं काय चुकलं असतं. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला, पुढं डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं डच पॅलेस, आणि आत भिंतीभर रामायण रंगवलंय. सिनेगॉग १५६८ चं. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं, चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची जागा अजून दाखवतात. मला त्याच्यापेक्षा वर टांगलेले कापडी पंखे जास्त आवडले, दोरी बाहेर काढून माणसानं ओढायचे ते. गिरणगावातल्या माणसाची नजर कापडावरच जाणार. चिनी जाळी संध्याकाळी बघा, चार-पाच माणसं दगड बांधलेल्या दोऱ्या ओढत एक जाळं वर काढतात आणि त्यात कधी कधी मूठभरच मासळी असते. एर्नाकुलमहून तिकडं जायला टॅक्सी करू नका, वॉटर मेट्रोची बोट घ्या, २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालीय, स्वस्त आहे आणि एसी आहे. हा एसी किती महत्त्वाचा ते खाली येतं.

आणि तुमचा दुसरा आठवडा म्हणजे १४ एप्रिलच्या आसपास केरळात विषू असतो, त्यांचं नवीन वर्ष. गर्दी असणार, हॉटेलं आधी धरा. पण त्या दिवसांत तिकडं जागोजागी बहावा पिवळाधमक फुललेला असतो, विषूच्या पूजेत तोच लागतो. आपल्याकडं बहाव्याकडं कोणी मान वर करून बघत नाही, तिथं बाजारात त्याच्या जुड्या विकायला बसतात.

प्रश्न: आम्ही पाच मैत्रिणी, भिशीचा ग्रुप, वय पन्नास ते बासष्ट. दोघींचे गुडघे बोलतात. त्या पार्कात किती चालावं लागतं? घाट लागतो का? आणि खोबरेल तेलातलं जेवण आम्हाला जमेल का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, गेटपासून वरपर्यंत वनखात्याच्या बस नेतात, स्वतःची गाडी आत जात नाही. बस सोडते तिथून पुढं चढाचा पण डांबरी रस्ता आहे, जेवढं जमेल तेवढं चालायचं आणि परत फिरायचं, शेवटपर्यंत गेलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. आणि खरं सांगू का, प्राणी बसथांब्याच्या जवळच दिसले आम्हाला, जे तावातावानं टोकापर्यंत गेले ते घाम पुसत परत आले. आनमुडी शिखरावर पर्यटकांना चढू देत नाहीत, त्यामुळं ती काळजीच मिटली. फक्त एक ध्यानात ठेवा, मुन्नार गावच दीड हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या टोकापेक्षा थोडंसंच खाली, आणि पार्क त्याहून वर. पहिल्या दिवशी दम लागला तर घाबरू नका, बसा, गप्पा मारा.

घाट लागतो. कोचीपासून मुन्नार १३० किलोमीटरच आहे पण चार-साडेचार तास धरा, नेरियामंगलमचा पूल ओलांडला की वळणं सुरू. वाटेत चीयापारा वगैरे धबधबे म्हणून गाड्या थांबवतात, एप्रिलमध्ये तिथं नुसता ओघळ असतो, चहा प्यायचा असेल तरच उतरा. जिला मळमळतं तिला पुढं बसवा, आणि निघताना पोटभर अप्पम-करी हाणू नका, एवढंच.

जेवणाचं म्हणाल तर पुट्टू-कडला खाऊन बघा, वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, पोटाला हलकं. खोबरेल तेलाचा वास पहिले दोन दिवस जाणवतो, तिसऱ्या दिवशी आपण स्वतःच केळ्याची भजी मागायला लागतो. पण तुम्ही सोलापूरच्या, तुम्हाला मी काय शिकवणार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात असली की आपला माणूस कन्याकुमारीपर्यंत उपाशी राहत नाही. आमच्या डब्यातली शेंगाचटणी समोरच्या बर्थवरच्या पालक्काडच्या कुटुंबानं अशी चाटूनपुसून खाल्ली की गुंतकलपर्यंत आमच्याकडं नुसती भाकरी उरली. पार्कात मात्र खायचं नेऊ नका आणि पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकवर तिकडं कडक आहेत.

प्रश्न: सर, मी झूलॉजी करतोय. मित्र म्हणतात तिथं नुसतं गवत आणि शेळ्या आहेत, त्यासाठी एवढा खर्च का? निळी कुरिंजी तरी दिसेल का? (विद्यार्थी, केगाव)

उत्तर: कुरिंजी दिसणार नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, मागचा मोठा बहर २०१८ चा, पुढचा २०३० चा. पोस्टरवरचा निळा डोंगर बघून जाऊ नकोस.

आता गवत आणि शेळ्या. ती शेळी म्हणजे निलगिरी ताहर, तिथले लोक वरयाडू म्हणतात, कड्यावरची शेळी. जगात ती फक्त सह्याद्रीच्या या दक्षिण टोकाला उरलीय आणि सगळ्यात मोठा कळप याच पार्कात. एप्रिल-मेमध्ये महिना-दोन महिन्यांची पिल्लं आयांच्या मागं कड्यावर अशी उड्या मारत असतात की आपल्याच पोटात गोळा येतो. माणसाला फार भीत नाहीत, रस्त्यावर येऊन उभ्या राहतात. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, सेल्फीसाठी पळायचं नाही. तू झूलॉजीचा, तुला सांगायला नको, पण तुझ्या मित्रांना सांग.

आणि गवतच तर बघायचंय. वर उघडा गवताळ माळ आणि घळीघळीत दाट बुटकं जंगल, त्या जंगलाला शोला म्हणतात (तमिळ सोलै, म्हणजे राई. आमच्यातल्या एकाचा ठाम दावा होता की सोलापूरचं नाव यावरूनच पडलं, त्याच्याकडं लक्ष देऊ नकोस). पावसाचं पाणी हे गवत आणि शोला धरून ठेवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात, खालच्या ओढ्यांना उन्हाळ्यात पाणी असतं ते त्यामुळं. बाकी डोंगर मळेवाल्यांनी चहाखाली आणला, हा तुकडा वाचला कारण गोऱ्या साहेबांना शिकारीला राखीव हवा होता. १९७१ नंतर सरकारनं ताब्यात घेतला, १९७५ ला अभयारण्य, १९७८ ला केरळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. ९७ चौरस किलोमीटर, त्यातच आनमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच.

तू केगावचा, नान्नज तुला जवळ. तिथं १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे आणि आपल्याकडचे लोक अजून विचारतात की तिथं काय, नुसतं गवत. तोच प्रश्न तू मला तिकडचा विचारलास म्हणून जरा लांबलं उत्तर.

आणखी एक कर. मुन्नारहून उदुमलपेठच्या रस्त्यानं मरयूर ओलांडून चिन्नार अभयारण्यात जा. दोन-अडीच तासांच्या रस्त्यात चहाचा हिरवा संपतो, मरयूरला चंदनाची झाडं जाळीच्या कुंपणात उभी दिसतात, उसाचे फड आणि गुऱ्हाळं लागतात (ऊस बघायला सोलापूरहून एवढ्या लांब आलो म्हणून आमचा एक जण कपाळाला हात लावून बसला, गूळ मात्र दोन किलो घेतला) आणि मग एकदम काटेरी झुडपं, तापलेले दगड, निवडुंग. पर्जन्यछायेचा प्रदेश. आम्ही गाडीतून उतरलो आणि एक जण म्हणाला, काय बे, बार्शी रोडला आलो काय! तिथं चांदण्या कासव आहे, करड्या रंगाची मोठी खार आहे, गाइड घेऊन चालता येतं. आणि परत कोचीला यायची गरजच नाही. तसंच पुढं उदुमलपेठवरून कोइम्बतूरला उतरायचं, तिथून सोलापूरची गाडी मिळते. फक्त चेकपोस्ट उजेडात ओलांड. त्या रस्त्यावर हत्ती असतात, आणि समोर हत्ती दिसला तर गाडी लांब थांबवायची, हॉर्न वाजवायचा नाही.

प्रश्न: तिथं "मिळते" का? (एक वाचक, गाव लिहिलेलं नाही)

उत्तर: पहिल्या तारखेला केरळात ड्राय डे असतो. पार्क उघडतं तेही पहिल्याच तारखेला. बघा बुवा काय ते.

प्रश्न: काका, सामानात काय काय घेऊ? मुन्नारला थंडी म्हणून चादरी न्याव्यात का? आणि कोचीचं ऊन आपल्यापुढं काय, आम्ही सोलापूरचे! (दोन मित्र, अक्कलकोट रोड)

उत्तर: हेच आम्हीही म्हणत होतो. कोचीत पारा तेहतीस-चौतीस, आपण हसतो. पण आपलं ऊन कोरडं, घाम यायच्या आधी वाळतो. तिथं हवेतच पाणी, घाम अंगावरून हलत नाही, दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो आणि सावलीत बसलं तरी तेच. सकाळी लवकर आणि संध्याकाळी फिरा, दुपारी त्या एसी बोटीत बसून इकडून तिकडं जा, आम्ही एका दुपारी उगाच दोन फेऱ्या मारल्या. जीन्स एकच न्या. मुन्नारला रात्री स्वेटर पुरतं, हॉटेलात पांघरूण असतं, चादरी नेऊ नका, हे सांगताना माझा जीव तुटतोय पण नेऊ नका.

टॉवेलची तर फजितीच झाली. पाच जण, पाचजणांकडं आपले घसघशीत सोलापुरी टॉवेल, अभिमानानं. कोचीत पहिल्या दिवशी अंघोळी झाल्या, टॉवेल गॅलरीत टाकले, संध्याकाळी ओले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओले आणि वर वास. लॉजचा माणूस, साठीचा असेल, रोज बघून जायचा, तिसऱ्या दिवशी त्यानं काही न बोलता एक पातळ पांढरा पंचा आणून दिला, तिकडं त्याला तोर्तु म्हणतात, आरपार दिसेल एवढा पातळ. आमच्यातल्या एकाचं घरी मागाचं काम आहे, त्यानं तो बोटांत धरून उजेडात बघितला, सूत मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हे काय टॉवेल आहे का बे." अंघोळ करून तो पंचा दांडीवर टाकला आणि चहा पिऊन आलो तर वाळलेला.

येताना त्याच मागवाल्यानं सहा पंचे घेतले.