आत्यानं वाटा मागितला, तर ती वाईट कशी?

प्रश्न : ताई, मी नाशिकला एफवायबीएला आहे, समाजशास्त्र घेतलंय. आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, वडिलोपार्जित. आजोबा गेल्यावर आत्यानं हक्कसोड पत्रावर सही करायला नकार दिला तर आता घरात कुणी तिच्याशी बोलत नाही, म्हणतात हिनं माहेर तोडलं. पुस्तकात विचलन म्हणजे समाजाचे नियम मोडणं असं दिलंय. मग आत्यानं केलं ते विचलन का?

उत्तर : अगं, नियम कुणाचा ते आधी बघ ना. कायदा आत्याच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ लाच मुलींना हक्क दिला होता पण आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या होत्या, मग २००५ ला देशभर कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला, लग्न झालेलं असो नसो. म्हणजे आत्यानं मोडली ती फक्त रीत, भाऊबीजेला साडी घ्यायची आणि सही करून द्यायची ही.

हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये हेच मांडलं, की विचलन त्या कृतीत नसतंच, बाकीचे लोक त्यावर जो शिक्का मारतात त्यात असतं. आणि शिक्का कोण मारू शकतं? ज्याच्या हातात सत्ता आहे तो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला पण त्यातल्याच एका, पारधी जमातीकडे बघायची लोकांची नजर अजून तशीच आहे, याचा मला फार राग येतो.

कुटुंबाच्या धड्यात माया, संस्कार, आधार सगळं असतं आणि ते खरंही आहे, पण मालमत्ता कुणाकडे जायची हेही तिथंच ठरतं, म्हणून विषमता पिढ्यान्‌पिढ्या घरातूनच चालत येते. तुमच्याच बागेत बघ, विरळणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला उन्हात बायका किती असतात आणि सातबाऱ्यावर किती जणींची नावं आहेत.

पेपरात लिहिताना कायदा आणि रूढी वेगळे दाखव, मग बेकर, मग हे उदाहरण, नाव न घेता. आणि आत्याला सांग, वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करू नकोस, तलाठ्याकडे वारस नोंदीत तुझं नाव लागलंय का तेही बघून ये. तू स्वतः मात्र तिला आजच फोन कर.