पाणी चोवीस तास, तरी चारला जाग येते

माई,
माझं वय ६३. लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आले. १६० फुटांची खोली. सासू-सासरे, एक दीर, आम्ही दोघं, पुढे दोन मुलं. चाळ पाडायला घेतली तेव्हा भाड्याने राहायला गेलो. आता टॉवरमध्ये सव्विसाव्या मजल्यावर ५०० फुटांचा फ्लॅट मिळालाय. मिस्टरांना चावी बघायला मिळाली नाही. सगळे म्हणतात, नशीब काढलंत. मला मात्र करमत नाही. पाणी चोवीस तास आहे, तरी पहाटे चारला जाग येते. बाथरूममध्ये पिंप भरून ठेवलं तर सून म्हणाली, डास होतील. मी दार उघडं ठेवते, ती येता-जाता लावून घेते. परवा अजून न पाडलेल्या चाळीत मैत्रिणीकडे निघाले आणि तोंडातून गेलं, "घरी जाऊन येते." मुलगा चिडला. म्हणाला, बाबांनी जन्मभर ज्याची वाट बघितली ते मिळालं, तर तुला त्याची किंमत नाही. मी खरंच कृतघ्न आहे का?
– एक वरळीकर

अहो, चाळीस वर्षं पहाटे उठून सात माणसांचं पाणी भरलंत, तुम्हाला कृतघ्न कोण म्हणणार? मुलगा म्हणाला, पण त्याचा राग तुमच्यावर नसावा. बाबा या दारातून आत आले नाहीत हे त्यालाही सलत असणार, आणि रागावायला घरात आईइतकं हक्काचं माणूस नसतं.

ती मिस्टरांची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत. मी त्या ओळीवर अडले. जुन्या खोलीत ते चहा कुठे बसून प्यायचे, चष्मा कुठल्या खिळ्याला अडकवायचे, हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. नव्या जागेत त्यांची अशी एकही जागा नाही. फोटो आहे, पण तो बहुधा सोफ्याला शोभेल अशा भिंतीवर लागलाय. तो काढा आणि तुम्ही भाजी निवडायला बसता तिथे समोर लावा. कुणाला विचारू नका.

आता त्या "घरी"बद्दल. गिरणगावातली जुनी माणसं चाळीतल्या जागेला घर म्हणायची का, आठवून बघा. "खोलीवर चल," असं म्हणायची. घर म्हणजे गावचं. रत्नागिरीचं, सावंतवाडीचं, साताऱ्याकडचं. गणपतीला, शिमग्याला जायचं ते घर. मुंबईत असायचं ते बिऱ्हाड. आणि बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारी खात्याने बांधल्या त्या कुणाला घर वाटावं म्हणून नव्हे, गिरण्यांना लागणारी माणसं कुठेतरी ठेवायची म्हणून. तळमजला अधिक तीन, मधे अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास मजल्याचे मिळून. काही वर्षं तर यातल्या कित्येक खोल्यांना भाडेकरूच मिळत नव्हते. अशा कोरड्या काँक्रीटला "घर" म्हणायला तुमच्या माणसांना निदान एक पिढी लागली. तुम्ही फ्लॅटला काही महिन्यांत म्हणावं, असा हट्ट मुलाने धरू नये. तुम्हीही धरू नका.

दाराच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने नाही, आधीच सांगते. उघड्या दाराचं कौतुक मलाही आहे. पण तुमचंच नवं लग्न आठवा. सासरे खाटेवर, दीर माळ्यावर, आणि तुम्ही मोरीच्या पडद्याआड साडी बदलताय. नवऱ्याशी दोन शब्द बोलायला जांबोरी मैदानाला फेरी मारावी लागली असेल. रात्री पोट बिघडलं तर पॅसेजभर कळायचं. तुम्हाला हे गोड वाटायचं का? तुमच्या सुनेला आयुष्यात पहिल्यांदा लावून घेता येईल असं दार मिळालंय. तुम्हाला जे उघडं असलं की घरासारखं वाटतं, तेच तिला बंद असलं की घरासारखं वाटतं. चूक दोघींचीही नाही. तेव्हा वाटणी करा. आतल्या खोलीचं दार तिचं. ते लोटलेलं असलं की हाकसुद्धा मारायची नाही. बाहेरचं दार दुपारी चार ते सहा तुमचं. जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर लाकडी दार उघडं ठेवून बसा.

आणि नुसत्या बसू नका. तुम्हाला करमत नाही याचं कारण मला तुमच्या पत्रात नाही त्या गोष्टीत दिसतं. नव्या मजल्यावरच्या एकाही शेजाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. चाळीत तुमच्याकडे दिवसातून किती जण काहीतरी मागायला येत असतील? विरजण, खोबऱ्याची किसणी, बाळाच्या पोटदुखीवर काय घालू ते. सव्विसाव्या मजल्यावर तुमच्याकडे कुणी काहीच मागत नाही. तिकडे सगळ्यांकडे फ्रिज आहे, फोनवर दहा मिनिटांत दही येतं. म्हणून सुरुवात तुम्ही करायची, आणि द्यायला जाऊन नव्हे, मागायला जाऊन. वाटीभर काही देऊन आलात तर लोक आभार मानून दार लावतात. समोरच्या बाईकडे विरजण मागा. वाटी परत करायला जाल तेव्हा रिकामी नेऊ नका, हे काही मी तुम्हाला शिकवायला नको. त्यांना मराठी येत नसलं तरी दही येतंच. एखादीने तोंड वाकडं केलं तर पुढच्या दारी. मी वाड्यातून फ्लॅटमध्ये आले तेव्हा तिसऱ्या दाराला जमलं. ती बाई पुढे माझ्या बाळंत झालेल्या लेकीला तेल लावायला यायची.

मैत्रिणीकडे जाणं मुळीच थांबवू नका. तीही उद्या कुठल्यातरी मजल्यावर जाईल, तेव्हा तिला विरजण मागायचं कसं ते तुम्हीच सांगाल.

राहिलं पिंप. ठेवा, फक्त झाकणाचं घ्या आणि आठवड्याला रिकामं करून घासा. डासांचं सून बरोबर म्हणते. टॉवरमध्ये पाणी पंपाने वर चढतं, आणि पंप आज ना उद्या बिघडतोच. त्या दिवशी मजल्यावरचे सगळे रिकाम्या बादल्या घेऊन तुमच्या दारात उभे राहतील, सून तांब्याने पाणी घालत असेल. तेव्हा दार कोण लावून घेतं, मला नक्की कळवा.